पुण्यात राहून ब्रिटनमध्ये लिमिटेड कंपनी: कोणता कागद आधी, कोणता नंतर

ब्रिटनमध्ये लिमिटेड कंपनी काढायला तिथं जावं लागत नाही. तिथला रहिवासी संचालक लागत नाही, किमान भांडवलाची अट नाही, आणि माहिती नीट भरलेली असेल तर ऑनलाइन अर्ज बहुतेक वेळा चोवीस तासांत मंजूर होतो. जाहिराती इथंच थांबतात. पुणे, नाशिक, कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाचं घोडं अडतं ते भारताच्या बाजूला: फेमा म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा, बँक आणि आयकराचं विवरणपत्र. तिकडची कंपनी एका दुपारी उभी राहते, आणि क्रम चुकला तर इकडचे कागद निस्तरायला वर्ष-दोन वर्षं जातात.

पुढचं सगळं भारतात निवासी असलेल्या आणि इंग्लंड-वेल्समध्ये शेअर भांडवलाची खासगी कंपनी काढू पाहणाऱ्या व्यक्तीला धरून आहे. ब्रिटनमध्येच राहणाऱ्यांना फेमाचा भाग लागू नाही, पण त्यांनी व्हिसाच्या अटी आधी वाचाव्यात. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे, आणि स्वतःची कंपनी काढून तिच्यात काम करणं त्यातच मोडतं. उलट, कंपनी काढली म्हणून तिथं राहण्याचा किंवा काम करण्याचा हक्क कुणालाच मिळत नाही.

कंपनी हवी कशाला?

ग्राहकाचा खरेदी विभाग ब्रिटिश पुरवठादारच नोंदवून घेतो, माल तिथल्या गोदामात ठेवून तिथंच विकायचा आहे, किंवा तिथला भागीदार हिस्सा मागतोय, ही कारणं पटण्यासारखी आहेत. "कर वाचतो" हे कारण मात्र हिशेबात टिकत नाही.

तिथं ५०,००० पौंडांपर्यंतच्या नफ्यावर १९ टक्के कंपनीकर आहे, २,५०,००० पौंडांच्या वर २५ टक्के, आणि मधल्या पट्ट्यात सवलतीचं सूत्र. समजा १०० पौंड नफा झाला. १९ पौंड तिथं गेले. उरलेले ८१ लाभांश म्हणून घेतले तर ब्रिटन त्यावर उद्गमकर, म्हणजे टीडीएससारखी कपात, करत नाही, पण भारतात तो लाभांश तुमच्या स्लॅबनं करपात्र आहे. ३० टक्के अधिक उपकर धरला तर २५ पौंडांच्या वर गेले आणि हातात सुमारे ५६ उरले. कंपनीनं तिथं भरलेल्या १९ पौंडांचं क्रेडिट तुम्हाला इथं मिळत नाही. तेच काम स्वतःच्या नावानं, इथूनच निर्यात म्हणून केलं असतं तर त्याच दरानं जवळपास ६९ उरले असते.

शिवाय सगळं काम कोथरूडमध्ये बसून तुम्हीच करणार असाल, तर त्या ब्रिटिश कंपनीचं भारतात कायमस्वरूपी आस्थापन, म्हणजे व्यवसायाचं स्थिर ठिकाण, आहे असं आयकर विभाग म्हणू शकतो आणि नफ्याचा तेवढा वाटा इथं करपात्र धरू शकतो. परदेशी कंपनीचं प्रभावी व्यवस्थापन भारतात असेल तर तिला भारतीय निवासी मानण्याची तरतूद ५० कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीला लागू नाही, एवढा दिलासा आहे. पण कायमस्वरूपी आस्थापनाचा मुद्दा त्यातून सुटत नाही. एकट्यानं सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या बहुतेकांना जीएसटीतलं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), बँकेचा परकीय रक्कम आल्याचा दाखला आणि पौंडातलं बिल एवढं पुरतं.

शेअर कुणाच्या नावावर?

भारतीय रिझर्व्ह बँकेची परदेशी गुंतवणुकीची सध्याची नियमावली २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. तिच्यानुसार परदेशातल्या सूचीबाह्य, म्हणजे शेअर बाजारात न नोंदलेल्या, कंपनीचा एक शेअर घेतला तरी ती परदेशी थेट गुंतवणूक ठरते. एक पौंडाला सूट नाही. निवासी व्यक्तीला ही गुंतवणूक परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत प्रेषण योजनेच्या (एलआरएस) वार्षिक २,५०,००० डॉलर मर्यादेत करता येते, पण अटी आहेत आणि एजंट त्या सांगत नाहीत.

कंपनी प्रत्यक्ष व्यवसाय करणारी हवी. ती वित्तीय सेवांतली नसावी. आणि तुमचं तिच्यावर नियंत्रण असेल तर तिला उपकंपनी नको. म्हणजे आधी ब्रिटनमध्ये कंपनी, मग तिच्या मालकीची पुण्यात प्रायव्हेट लिमिटेड, हा नवउद्योजकांचा आवडता आराखडा व्यक्तीच्या नावावर बसत नाही.

दुसरी अट त्याहून जास्त लोकांना नडते: व्यक्तीला आपल्या परदेशी कंपनीला कर्ज देता येत नाही, फक्त शेअर भांडवल घालता येतं. ब्रिटिश अकाउंटंटला हे ठाऊक नसतं. तुम्ही पत्त्याच्या सेवेचे पैसे स्वतःच्या भारतीय कार्डानं भरले, की तो सवयीनं ते संचालकाच्या कर्जखात्यात टाकतो, आणि वर्षाअखेरीस ताळेबंदात तुमच्या नावे कर्ज दिसतं. तोच ताळेबंद पुढे भारतातल्या बँकेकडे जातो. तेव्हा पहिल्याच ईमेलमध्ये त्याला लिहून कळवा की संचालकाचं कर्जखातं वापरायचं नाही.

व्यवसाय वाढवायचा इरादा असेल आणि इथं चालती प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर शेअर तिच्या नावावर घ्या. भारतीय कंपनीला निव्वळ मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत परवानगीशिवाय गुंतवणूक करता येते, आणि शेअर घेतल्यानंतर कर्जही देता येतं. बदल्यात दरवर्षी १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं, विवरण द्यावं लागतं. प्रोप्रायटरशिपला असा वेगळा दर्जा नाही, ती म्हणजे तुम्हीच.

अर्जाआधी बँक

तुमचं बचत खातं आहे ती शाखा बहुधा हे काम करत नाही. त्याच बँकेची परकीय चलन हाताळणारी शाखा शोधा आणि कंपनीचा अर्ज भरण्याआधी तिथं जा. एका परदेशी कंपनीसाठी एकच अधिकृत बँक नेमावी लागते आणि पुढचे सगळे व्यवहार तिच्याचमार्फत होतात, म्हणून शाखा निवडताना जवळ कोणती यापेक्षा हे काम कुणाला येतं ते बघा. "परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी इथं भरून घेता का?" एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर उत्तर दिसतं.

या भेटीमागं खरं कारण आहे. नियम म्हणतो की पैसे पाठवण्याआधी किंवा शेअर घेण्याआधी, यातलं जे आधी घडेल त्याआधी, फॉर्म एफसी देऊन त्या कंपनीसाठी यूआयएन हा विशिष्ट क्रमांक मिळवायचा. ब्रिटनमध्ये मात्र कंपनी जन्मते त्याच क्षणी संस्थापकाचे शेअर अस्तित्वात येतात, आणि कंपनीचं खातं त्यानंतरच उघडतं. जन्माआधी पैसे पाठवायला खातं नाही, फॉर्ममध्ये लिहायला कंपनी क्रमांक नाही. ही गाठ प्रत्येक बँक आपापल्या पद्धतीनं सोडवते. काही बँका प्रस्तावित नाव आणि भांडवलावर फॉर्मचा मसुदा आधी तपासून ठेवतात आणि नोंदणीचा दाखला हाती आल्याबरोबर पुढं पाठवतात. तुमची बँक काय करणार ते ईमेलवर लेखी घ्या. उशीर झाला तर विलंब शुल्क लागतं: ७,५०० रुपये, अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले उशिराची वर्षं. लहान भांडवलावर आकडा छोटाच, पण तो भरून प्रकरण नियमित होईपर्यंत त्या कंपनीत पुढचा एक पौंडही घालता येत नाही.

ओळख पडताळणी

१८ नोव्हेंबर २०२५ पासून ब्रिटनमध्ये नव्या संचालकाची ओळख आधी पडताळावी लागते. पडताळणी झाली की अकरा अक्षर-अंकांचा वैयक्तिक कोड मिळतो. तो कंपनीचा नसून माणसाचा आहे, उद्या दुसरी कंपनी काढली तरी हाच चालतो. संचालक म्हणून तो नोंदणीच्या अर्जातच द्यावा लागतो. शेअर पंचवीस टक्क्यांहून जास्त असतील तर तुम्ही कंपनीवर लक्षणीय नियंत्रण असलेली व्यक्ती म्हणजे पीएससी ठरता, आणि त्या भूमिकेसाठी तोच कोड पुन्हा वेगळा द्यावा लागतो. त्याला नोंदणीनंतर चौदा दिवसांची मुदत असते. एकदा दिला म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही. बरेच जण इथंच फसतात.

पडताळणीचे दोन रस्ते आहेत. पहिला फुकट: ब्रिटिश सरकारचं वन लॉगिन खातं उघडायचं आणि मोबाइल ॲपनं पासपोर्टमधली चिप वाचून चेहरा जुळवायचा. कुठल्याही देशाचा चिपवाला पासपोर्ट चालतो. मात्र भारतात ई-पासपोर्ट अलीकडेच मिळू लागलेत. तुमच्या पासपोर्टच्या मुखपृष्ठावर खालच्या बाजूला छोटं सोनेरी चिन्ह नसेल तर त्यात चिप नाही, आणि ॲपशी कितीही झगडलात तरी काम होणार नाही. फोनला एनएफसी, म्हणजे चिप जवळून वाचण्याची सोय, लागते हेही तपासा.

चिप नसेल तर दुसरा रस्ता: कंपनीज हाउस या ब्रिटनच्या कंपनी निबंधक कार्यालयाकडे नोंदलेला अधिकृत सेवादार, ज्याला एसीएसपी म्हणतात. तो शुल्क घेऊन पडताळणी करतो, बहुतेक वेळा व्हिडिओवर. त्याच्यावर ब्रिटनमधल्या मनी लाँडरिंगविरोधी यंत्रणेची देखरेख असणं बंधनकारक आहे, त्यामुळे तुमचे इथले सीए हे काम करू शकत नाहीत. सेवादाराचं नाव कंपनीज हाउसच्या यादीत आहे का ते पासपोर्टची प्रत पाठवण्याआधी बघा.

नावाचा घोळ इथंच उगवतो. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. पॅनवर क्रम वेगळा. बँकेत मधलं नाव नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या कागदांवर तर दोन-दोन आडनावं सापडतात. कंपनीच्या अर्जात अक्षरशः पासपोर्टवरचं नाव लिहा, आणि पॅन वेगळं असेल तर आधी पॅन दुरुस्त करून घ्या. पैसे पाठवताना बँक पॅन बघते, शेअर प्रमाणपत्रावर पासपोर्टचं नाव असतं, आणि ती दोन जुळली नाहीत की शपथपत्रांचा खेळ सुरू होतो.

पत्त्याच्या पुराव्यासाठी महावितरणचं मराठी बिल पाठवू नका. तिकडं वाचणारं कुणी नसतं आणि अधिकृत भाषांतर मागतात. अलीकडचं इंग्रजी बँक स्टेटमेंट द्या. आणि कुणी मागितल्याशिवाय कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशी वापरासाठीचा सरकारी शिक्का, करून घेऊ नका. कंपनीज हाउसच्या ऑनलाइन नोंदणीला ते लागत नाही, त्यासाठी केलेला खर्च आणि मंत्रालयाच्या खेपा वाया जातात.

अर्ज भरताना

ऑनलाइन नोंदणीचं सरकारी शुल्क १ फेब्रुवारी २०२६ पासून १०० पौंड आहे. त्याआधी ते ५० होतं, आणि मे २०२४ पूर्वी १२. जुन्या व्हिडिओंतल्या "बारा पौंडांत कंपनी"वर विसंबू नका.

नाव रोमन लिपीतच नोंदतं, शेवटी लिमिटेड किंवा त्याचं लघुरूप हवं. नुसतं "यूके" जोडून नाव वेगळं होत नाही: "सह्याद्री फूड्स" आधीच नोंदलेलं असेल तर "सह्याद्री फूड्स यूके" नाकारलं जाईल. रॉयल, बँक, इन्स्टिट्यूट, युनिव्हर्सिटी असे शब्द परवानगीशिवाय मिळत नाहीत. कंपनीज हाउस ट्रेडमार्क तपासत नाही, तो शोध बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतः घ्यायचा.

नोंदणीकृत कार्यालय ज्या भागात, तिथलीच कंपनी. इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड ही तीन वेगळी नोंदणीक्षेत्रं आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये नोंदवलेल्या कंपनीचं कार्यालय नंतर एडिंबरोला हलवता येत नाही. मार्च २०२४ पासून पोस्ट बॉक्सचा पत्ता चालत नाही. तिथं आलेलं पत्र कंपनीच्या माणसापर्यंत पोचेल आणि पोच घेतली जाईल असा पत्ता हवा. पत्ता भाड्यानं देणाऱ्या सेवा हे काम करतात, पण योजना नीट वाचा. स्वस्त योजनेत फक्त कंपनीज हाउस आणि एचएमआरसी या कर खात्याची पत्रं पुढं पाठवतात, बँकेचं पत्र परत जातं, आणि मग कार्ड का आलं नाही म्हणून महिनाभर फोन करत बसावं लागतं. संचालकाचा संपर्काचा पत्ताही सार्वजनिक असतो, म्हणून त्याच सेवेचा पत्ता तिथंही वापरता येतो का ते विचारा. घरचा पत्ता द्यावा लागतो, पण तो लोकांना दिसत नाही. जन्मतारखेतला महिना आणि वर्ष मात्र दिसतं.

पत्ता योग्य नाही असं निबंधकांना वाटलं तर ते कंपनीला आपल्याच एका ठरावीक पत्त्यावर टाकतात. अठ्ठावीस दिवसांत खरा पत्ता दिला नाही तर कंपनी नोंदणीच्या पटावरून काढण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते. पत्त्याचं वार्षिक भाडं थकलं की नेमकं हेच घडतं.

आता भांडवल. भारतीय माणसाची सर्वांत महागडी चूक इथं होते. आपल्याकडं अधिकृत भांडवल वेगळं आणि वसूल भांडवल वेगळं, त्यामुळे "एक लाख लिहून टाकू, वजन पडतं" ही सवय असते. ब्रिटनमध्ये अधिकृत भांडवल ही कल्पना २००९ मध्येच गेली. तिथं एक पौंडाचे एक लाख शेअर लिहिले म्हणजे तुम्ही ते घेतले, आणि भरले नसतील तर एक लाख पौंड देणं लागता. कंपनी बुडाली तर लिक्विडेटर, म्हणजे ती गुंडाळायला नेमलेला माणूस, ते मागू शकतो. आणि भारतीय कायद्याच्या नजरेत तेवढ्या गुंतवणुकीचं वचन तुम्ही बँकेला न विचारता देऊन बसलात.

उलट टोकाला एक पौंडाचा एकच शेअर घेणंही सोयीचं नाही. कर्ज देता येत नसल्यामुळे पहिल्या वर्षाचा खर्च, म्हणजे पत्ता, अकाउंटंट, सरकारी शुल्क, ऑडिट, भांडवलातूनच निघायला हवा. दर वेळी नवे शेअर काढायचे तर तिकडं महिन्याच्या आत शेअरवाटपाचा फॉर्म आणि इकडं पुन्हा फॉर्म एफसी. म्हणून वर्षाच्या खर्चाचा अंदाज काढा आणि तेवढे एक पौंडाचे शेअर एकदमच घ्या. छोट्या सल्लागार कंपनीला दोन-तीन हजार पौंडांपासून सुरुवात करणं समंजसपणाचं.

अर्जात प्रत्येक शेअरवर किती रक्कम भरली आणि किती बाकी, असे दोन रकाने असतात. खातंच उघडलेलं नसताना "पूर्ण भरले" लिहू नका. रक्कम बाकी दाखवा, खातं उघडल्यावर भारतातून पाठवा. कंपनीज हाउसच्या नमुना नियमावलीत संस्थापकाच्या पहिल्या शेअरना ही मुभा आहे, नंतरच्या शेअरना नाही. एजंट सवयीनं "भरले"वर टिक करतो, आणि मग बँक विचारते की पैसे कुठून गेले. परदेशातल्या मित्रानं भरले हे उत्तर परिस्थिती आणखी बिघडवतं.

व्यवसायाचा प्रकार सांगणारे एसआयसी कोड चारपर्यंत देता येतात. सॉफ्टवेअर विकासासाठी ६२०१२, आयटी सल्ल्यासाठी ६२०२०. वित्तीय सेवांचा कोड "असू दे जोडीला" म्हणून घेतलात तर भारतातली बँक फाइल तिथंच थांबवील. तोच शब्द नियमात वर्ज्य आहे.

शेअर तुमच्या भारतीय प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर असतील तर पीएससी म्हणून त्या कंपनीचं नाव लिहून भागत नाही. तिच्यावर ज्या माणसाचं बहुमताचं नियंत्रण आहे त्याचं नाव लागतं.

दाखला मिळाल्यावर

नोंदणीचा दाखला पीडीएफमध्ये येतो. त्यानंतर काही दिवसांत नोंदणीकृत पत्त्यावर सहा अक्षरांचा ऑथेंटिकेशन कोड आणि एचएमआरसीचा यूटीआर हा दहा अंकी करदाता क्रमांक टपालानं येतात. पहिला म्हणजे कंपनीची सही समजा, तो कुणाच्याही हाती देऊ नका. याच दिवसांत सरकारी वाटणारी भरणा-पत्रंही येतात, नोंदणी पुस्तिकेत नाव घालण्याचं शुल्क वगैरे. पत्ता सार्वजनिक झाल्याचा तो परिणाम. केराची टोपली.

तिथल्या जुन्या बँका संचालक ब्रिटनबाहेर राहत असेल तर बहुतेक वेळा खातं देत नाहीत. परदेशी मालकांना खातं देतात त्या प्रामुख्यानं ई-मनी संस्था, म्हणजे बँक नसलेल्या पण ऑनलाइन खातं देणाऱ्या. तिथं पैसा वेगळा राखलेला असतो, पण बँक ठेवींना असलेलं १,२०,००० पौंडांपर्यंतचं विमा संरक्षण त्याला नाही. अर्जात कंपनी काय करते याला "कन्सल्टिंग" असं एका शब्दात उत्तर दिलं की अर्ज लटकतो. ग्राहक कोण, बिल किती, पैसे कुठून येणार आणि कुठं जाणार, हे चार ओळींत लिहा आणि एखादा करार किंवा कोटेशन जोडा.

खातं उघडलं की इकडून भांडवल पाठवा. परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-२ फॉर्मवर कारण परदेशी थेट गुंतवणूक असंच हवं. लवकर होतं म्हणून भेट किंवा सल्लाशुल्क लिहिलं तर पुढं शेअरचा पुरावा त्या रकमेशी जुळणार नाही. क्रेडिट कार्डावरून भांडवल भरू नका. आर्थिक वर्षात सर्व बँकांतून मिळून १० लाख रुपयांवर पाठवलेल्या रकमेवर या प्रकारात २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ गोळा केलेला कर, कापला जातो. तो आयकरात वजा मिळतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. मुलाची परदेशातली फी त्याच मर्यादेत मोजली जाते, हे विसरू नका.

रक्कम गेल्यापासून सहा महिन्यांत शेअर प्रमाणपत्र बँकेकडे द्यायचं. कंपनीज हाउस शेअर प्रमाणपत्र देत नाही, ते कंपनीनं म्हणजे तुम्हीच काढायचं असतं. नोंदणीचा दाखला म्हणजेच शेअर प्रमाणपत्र असं समजून लोक मुदत घालवतात. भागधारकांची नोंदवहीही कंपनीनं स्वतः ठेवायची.

व्यवसाय सुरू केल्यापासून तीन महिन्यांत कंपनीकरासाठी एचएमआरसीला कळवा. व्हॅटची नोंदणी मागच्या बारा महिन्यांची करपात्र उलाढाल ९०,००० पौंडांवर गेली की बंधनकारक होते.

दरवर्षीचं वेळापत्रक

कंपनी १० जून २०२६ ला जन्मली असं धरा. तिचं हिशेब वर्ष आपोआप ३० जूनला संपतं, म्हणजे पहिला हिशेब ३० जून २०२७ पर्यंतचा, बारा महिन्यांहून वीस-एकवीस दिवस जास्त. कंपनीकराचा कालावधी मात्र बारा महिन्यांहून लांब असू शकत नाही, त्यामुळे पहिल्याच वर्षी दोन करविवरणं भरावी लागतात. बरेच जण एकच भरतात आणि दुसऱ्यासाठी दंडाचं पत्र येतं.

त्याहून मोठी अडचण भारतातली. यूआयएन मिळालेल्या कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल, म्हणजे एपीआर, दर ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत द्यायचा असतो. तुमचं कंपनीवर नियंत्रण असेल तर तो ऑडिट झालेल्या हिशेबावरच लागतो. ब्रिटनमध्ये छोट्या कंपनीला ऑडिटची सक्ती नाही: उलाढाल दीड कोटी पौंड, ताळेबंद ७५ लाख पौंड आणि कर्मचारी ५०, यांपैकी दोन मर्यादांच्या आत असलं की सूट. तिथला अकाउंटंट शपथेवर सांगेल की ऑडिट नको. त्याच्या कायद्यानं तो बरोबर आहे, तुमच्या कायद्यानं नाही. सेवा ठरवतानाच ऑडिटचा भाव विचारा. ३० जूनला वर्ष संपलं तर हे सगळं सहा महिन्यांत उरकावं लागतं.

यावर सोपा उपाय म्हणजे नोंदणी झाल्याबरोबर एए०१ फॉर्म भरून हिशेब वर्ष ३१ मार्चवर आणणं. वर्ष लहान करायला बंधन नाही. मग पहिला हिशेब ३१ मार्च २०२७ पर्यंतचा, कंपनीज हाउसची मुदत ३१ डिसेंबर २०२७ आणि एपीआरचीही तीच. करविवरण एकच. इथल्या सीएलाही आकडे जुळवायला सोपं जातं.

बाकीच्या तारखा अशा: कंपनीकर वर्षअखेरीनंतर नऊ महिने एक दिवसात भरायचा, करविवरण बारा महिन्यांत. कन्फर्मेशन स्टेटमेंट, म्हणजे नोंदलेली माहिती बरोबर असल्याचं निवेदन, दर बारा महिन्यांनी, मुदत संपल्यापासून चौदा दिवसांत. हिशेब उशिरा दिला तर दंड पहिल्या महिन्यात १५० पौंड, तीन महिन्यांपर्यंत ३७५, सहापर्यंत ७५०, पुढं १,५००. लागोपाठ दुसऱ्या वर्षी उशीर झाला तर दुप्पट. कंपनीनं एकही व्यवहार केला नसला तरी हिशेब आणि स्टेटमेंट द्यावंच लागतं.

भारतातल्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं, ते जानेवारी ते डिसेंबर या कॅलेंडर वर्षाचं असतं. त्यात शेअरही येतात, आणि कंपनीच्या खात्यावर सहीचा अधिकार असेल तर तोही. आयटीआर-१ आणि आयटीआर-४ चालत नाही. माहिती दडवली तर काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर त्या दंडातून सूट आहे, पण माहिती देण्यापासून नाही. तुम्ही स्वतः त्या कंपनीला इथून सेवा विकत असाल तर भाव परक्या ग्राहकाला लावला असता तसाच लावा. ट्रान्सफर प्रायसिंगचा, म्हणजे आपसातल्या व्यवहाराच्या भावाचा, सीए अहवाल लागतो, आणि त्याला किमान रकमेची मर्यादा नाही.

कंपनी बंद करताना

काम संपलं की पत्त्याचं भाडं भरणं थांबवायचं आणि कंपनी आपोआप मरू द्यायची, हा प्रकार सर्रास चालतो. ब्रिटनमध्ये कंपनी खरंच पटावरून जाते. पण त्या क्षणी तिच्या नावावर जे काही असेल, खात्यातली शिल्लकसुद्धा, ते ब्रिटिश राजसत्तेकडे जमा होतं. परत मिळवायचं तर कंपनी पुन्हा पटावर आणण्याची प्रक्रिया करावी लागते. आणि भारतात यूआयएन चालूच राहतो, दर ३१ डिसेंबरला एक एपीआर थकत जातो.

रीतसर करायचं तर आधी तीन महिने व्यवसाय थांबवा, कर चुकता करा, शिल्लक भारतात आणा, आणि मगच डीएस०१ फॉर्म भरा. गॅझेटमध्ये सूचना येऊन सुमारे दोन महिन्यांनी कंपनी विसर्जित होते. कंपनीकडून तुम्हाला येणारी रक्कम देय झाल्यापासून नव्वद दिवसांत भारतात यायला हवी, आणि आल्यापासून तीस दिवसांत निर्गुंतवणुकीचा भाग भरून फॉर्म एफसी पुन्हा त्याच बँकेकडे द्यायचा. तोवर तुमचं काम ठाऊक असलेला अधिकारी बदलून गेलेला असतो, म्हणून पहिल्या फॉर्म एफसीची पोच, यूआयएनचं पत्र आणि पैसे पाठवल्याचा स्विफ्ट संदेश एका फाइलमध्ये सुरुवातीपासून छापून ठेवा.